त्या खुणा कशाच्या होत्या

प्रिय जावईबुवा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र न उघडताच बाजूला टाकशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. पण आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं. तुला जावईबुवा म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, हे कळतं मला. दुसरं काही लिहून पाहिलं, दोन कागद फुकट गेले. माझी ठकी तुला ज्या नावाने हाक मारायची ते माझ्या तोंडी शोभत नाही, आणि तुझं खरं नाव मी शेवटचं उच्चारलं ते पोलीस ठाण्यात. तेव्हा हेच राहू दे.

माझं बरं चाललंय. बूट कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं. सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभी राहिले, त्याची वसुली आता गुडघे करतात. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. हे सगळं मी ताईला फोनवर सांगते तसं तुला सांगतेय, पण ताईलाही न सांगितलेली एक गोष्ट आहे. दुपारी चारच्या सुमारास ठकी घरात येते. मला वेड लागलेलं नाही, आणि ती खरंच येते असंही मी म्हणत नाही. मी भांडी विसळत असते आणि पाठीमागे स्वयंपाकघराच्या खुर्चीवर कुणीतरी बसल्याचं कळतं. वळून पाहिलं तर काही नसतं. पण वळायच्या आधीचा जो क्षण असतो, त्यात ती पाठमोरी बसलेली असते आणि तिच्या पायांवर त्या खुणा असतात. दोन वर्षं झाली. मला वाटायचं, आई अजून न्याय मिळवून देत नाही म्हणून पोरगी येते. म्हणून मी आणखी बोलत राहिले. ज्याला त्याला सांगत राहिले.

त्या दिवसाची माझी बाजू तू कधी ऐकली नाहीस. मी ती तुझ्यापर्यंत आरोप म्हणूनच पोचवली. तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्या पेशंटचा खांदा फिरवताना ठकी खाली कोसळली, हे मला तुझ्याच फोनवरून कळलं होतं. मी इस्पितळात पोचले तेव्हा ती आत होती आणि तू बाहेर बाकावर होतास, जिथे पोहायला शिकवायचास त्या तलावावरून थेट आलेला, केस ओले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि सगळं संपलं. कपडे बदलायला नर्सने मला आत बोलावलं. तिच्या मांड्यांवर, दंडांवर, नडग्यांवर काळेनिळे डाग होते. काही जुने, पिवळट पडत चाललेले. काही ताजे. नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. बस, तेवढंच. त्यापुढे मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

कारण मी ते डाग ओळखत होते. ठकीच्या वडिलांबद्दल तिने तुला किती सांगितलं होतं, मला माहीत नाही. त्यांचा पट्टा न्हाणीच्या दाराआड खिळ्याला अडकवलेला असायचा. मारायच्या आधी ते तो हातावर गुंडाळून घ्यायचे आणि बकल वाजायचं. गंमत बघ, दिवसभर कारखान्यात माझ्या हाताखालून बुटांचे पट्टेच जायचे, शिवण बघ, कड बघ, चीर बघ, आणि घरी आल्यावर पुन्हा पट्टाच. ठकी आठ वर्षांची होती तेव्हा एकदा दाराशी उभी होती. मी तिला खुणेने जा म्हटलं, ती गेली नाही. ते वारले त्यानंतर मी पट्टा फेकून दिला, पण आमच्या दोघींमध्ये त्याविषयी एक शब्दही निघाला नाही. मी मनाशी एकच गाठ बांधली होती की माझ्या पोरीच्या अंगाला कुणी हात लावला तर मी गप्प बसणार नाही. मी स्वतःसाठी गप्प बसले होते ना, त्याची भरपाई करायची होती. ती मी तुझ्याकडून करून घेतली.

दुसऱ्या दिवशी तू कागदपत्रांसाठी बाहेर गेला होतास. मी तुमच्या खोलीतलं कपाट उघडलं. खालच्या खणात नाडी ओढलेली निळी कापडी पिशवी सापडली. आत चामड्याची हातभर लांब, पंज्याएवढी रुंद फळीसारखी पट्टी, मऊ चामड्याच्या पट्ट्यांचा झुपका असलेलं एक मुठीचं हत्यार, आणि एक रबरी चेंडू. हत्यार हाच शब्द मी तक्रारीत लिहिला. पिशवी मी पोलीस ठाण्यातल्या टेबलावर उपडी केली. तिथल्या साहेबांनी तुला विचारलं, हे काय आहे? तू म्हणालास, "ते आमच्या दोघांचं आहे." पुन्हा विचारलं, तू पुन्हा तेच म्हणालास. त्यांनी आवाज चढवला, हवालदार हसला, तरी तुझ्या तोंडून तिसरं वाक्य निघालं नाही. मला वाटलं, याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं सगळं तुझ्याकडे होतं आणि ते तू तिच्यासाठी राखून ठेवत होतास, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

शवतपासणीचा अहवाल आला. रक्त गोठवणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, त्यामुळे अंगावर आपोआप डाग, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव. माराचा संबंध नाही. साहेबांनी मला बसवून दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, कागदावर काय वाटेल ते लिहिता येतं. ते प्रकरण मिटलं आणि मी पोहण्याच्या तलावावर गेले. ते तुला मी सांगायला नको, पण मला लिहायला हवं. लहान मुलांचा वर्ग चालू होता. पायऱ्यांवर आई-बाप बसले होते. मी काठावर उभी राहून मोठ्याने म्हटलं, या माणसाने माझ्या मुलीला मारमारून संपवलं, आणि तुम्ही याच्या हातात पोरं देता? तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मग एकेका मुलाला हात धरून काठाशी आणलंस, वर चढवलंस, सगळी मोजलीस, आणि शेवटी स्वतः बाहेर आलास. टॉवेल घेऊन माझ्या शेजारून निघून गेलास. पुढच्या आठवड्यात तुझं काम गेलं आणि मी ताईला फोन करून ती बातमी सांगितली, सण साजरा करावा तशी.

तू घर सोडताना ठकीची तीन खोकी माझ्याकडे पोचवलीस. ती मी उघडली नव्हती. पोलिसांनी ती निळी पिशवी मीच जमा केलेली म्हणून मलाच सही घेऊन परत दिली, ती त्या खोक्यांवर तशीच पडून होती. गेल्या आठवड्यात मी ते सगळं उघडलं. का, ते सांगते पुढे.

पहिल्यांदा पिशवी काढली. यावेळी दिवसाउजेडी खिडकीपाशी बसले, चष्मा लावला आणि ती पट्टी हातात घेतली. सव्वीस वर्षांची सवय, बोट आपोआप कडेवरून फिरलं. कड टोचली नाही. कुणीतरी ती घासून, गोल करून, मेण चोळून गुळगुळीत केली होती. शिवण चामड्यात खोबण पाडून आत बसवलेली, म्हणजे दोरा अंगाला घासणार नाही. खिळा नाही, बटण नाही, चकचकीत काही नाही. दोन थरांमध्ये मऊ भरण. झुपक्याच्या पट्ट्या हरणाच्या कातड्यासारख्या नरम, आणि प्रत्येक टोक कात्रीने गोलसर कापलेलं. मी टेबलावरून हजारो पट्टे परत पाठवलेत, हा तुकडा मी पास केला असता. दुखापत करण्यासाठी बनवलेल्या वस्तूवर कुणी इतका जीव लावत नाही, एवढं चामडं मला कळतं. त्या दिवशी पोलिसांच्या टेबलावरही ती हीच वस्तू होती. मीच ती पाहिली नव्हती.

मग खोक्यात तिची एक वही सापडली, हाडा-स्नायूंच्या जाड पुस्तकात ठेवलेली. तू तिथे बघितलं नसशील. वर लिहिलं होतं, "फक्त दोघांसाठी." मी ती वाचली. त्याबद्दल तिची माफी मागायची सोय नाही, म्हणून तुझी मागते. पहिल्या चार पानांवर माझे कान इतके तापले की मी वही मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. मग परत आले. नंतर मात्र मला हसू यायला लागलं, कारण ती अक्षरशः ठकीच होती, पेशंटला व्यायाम लिहून देतात तशी टापटीप. "प्रथम फक्त हात. हाताला कळतं आपण किती देतोय, वस्तूला कळत नाही." मग, "ऑनलाइन मागवलेला सेट परत. पट्टीची कड धारदार, ओल्या फडक्याने पुसला तर रंग सुटतो, बारीक छडी तर बघूनच नको. जितकं अरुंद आणि कडक तितका चटका, जितकं रुंद आणि मऊ तितकं नुसतं धप्प. आपल्याला धप्प." आणि त्याखाली, "त्याने आधी स्वतःच्या मांडीवर मारून बघितलं आणि ओरडला. मी दहापैकी दहा गुण दिले, अभिनयाला." तू पंधरा दिवस उशीवर नेम धरायचा सराव केलास, हेही आहे. "झुपक्याची टोकं कमरेला वळसा घालून पुढे येतात आणि तिथे जास्त लागतं, म्हणून अंतर पाऊलभर वाढवायचं. उशी वारली."

मधल्या पानावर तिने माणसाचं पाठमोरं चित्र काढलंय. बुडाचा मांसल भाग आणि मांडीची वरची मागची बाजू हिरव्या पेन्सिलीने रंगवलेली. बाकी सगळं लाल. पाठीचा कणा, माकडहाड, बरगड्यांखाली मूत्रपिंडाची जागा, मान, डोकं, गुडघ्यामागचा खळगा, सगळे सांधे. समासात लिहिलंय, "पेशंटच्या पाठी बऱ्या करून पोट भरणाऱ्या बाईची पाठ मोडली तर लोक हसतील." पुढे नियम. हळू सुरुवात, एकदम जोर नाही. मध्ये मध्ये विचारायचं, एक ते दहा किती? 'भोपळा' म्हटलं की त्याच क्षणी बंद, का म्हणून विचारायचं नाही. बोलता येत नसेल तर हातातला चेंडू सोडायचा. म्हणजे तो रबरी चेंडू त्यासाठी होता, आणि मी त्याचीही पंचनाम्यात नोंद करायला लावली होती. बधिर वाटलं, मुंग्या आल्या तर थांबायचं. दारू घेतली असेल तर नाही. भांडण झालं असेल तर नाही, रागात तर कधीच नाही. नंतर पांघरूण, पाणी, आणि अर्धा तास कुणी फोन बघायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, कारण काही गोष्टी दुसऱ्या दिवशी कळतात. चामडं पुसून, वाळवून पिशवीत, आणि महिन्यातून एकदा भेगा पडल्यात का बघायच्या. हे शेवटचं तिने माझ्याकडून उचललं असणार. आणि एका पानावर एकच ओळ, "पट्टा नाही. कधीच नाही. घरात बकल वाजता कामा नये." त्याखाली तुझ्या अक्षरात, "मी इलॅस्टिकच्या पँट्स घेतो." मी जे घर तिला देऊ शकले नाही, ते तू पँट्स बदलून दिलंस.

मला हे सगळं पटलंय असं मी खोटं लिहिणार नाही. मला ते कळत नाही, आणि या वयात कळेल असंही वाटत नाही. जिने दाराआडून तो आवाज ऐकला तिला असलं काही का आवडावं, हा प्रश्न मी वहीला विचारत होते, तर तिने तो आधीच लिहून ठेवला होता. "कुणीही विचारेल, लहानपणाशी संबंध आहे का. मला माहीत नाही. असेल, नसेल. मला आवडतं एवढं माहीत आहे. आईला 'थांबा' म्हणता येत नव्हतं. मी म्हणायच्या आधीच तो विचारतो." आणि पुढे, "आईला एकदा सांगायचं. पण मी स्वतः सांगणार, दुसऱ्या कुणी नाही." तू ते पाळलंस, जावईबुवा. नोकरी गेली तरी पाळलंस.

आता शेवटची पानं. तिच्या जाण्याच्या सात आठवडे आधीची तारीख. "मागच्या खुणा अकरा दिवस झाले तरी तशाच. एरवी तीन-चार दिवसांत जातात. तो म्हणतो, बंद. मी म्हटलं, अरे काही नाही, मी हो म्हणतेय ना? तो म्हणाला, तुझ्या हो एवढीच माझ्या नाहीला किंमत आहे. रुसले. पण बरोबर आहे त्याचं." त्यानंतर निळ्या पिशवीचा उल्लेखच नाही. नुसत्या नोंदी. दंडावर नवा डाग, तिथे कुणी बोटही लावलेलं नाही. नडग्यांवर टाचणीएवढे लाल ठिपके. दात घासताना रक्त. प्रत्येक नोंदीपुढे, "तो म्हणतो रक्त तपास." तीनदा. चारदा. मग, "सोमवारची वेळ घेतली, आता तरी गप्प बसेल." आणि त्याखाली, दुसऱ्या शाईने, "सोमवार रद्द. आईकडे पडदे लावायचेत, ती ऐकत नाही. पुढच्या सोमवारी नक्की."

पडदे मीच आणले होते. पाहुणे येणार होते, उघड्या खिडक्या बऱ्या दिसत नव्हत्या. ती फोनवर म्हणाली होती, आई, सोमवारी माझं काम आहे. मी म्हटलं होतं, तुझं काय, तुला कामं असतातच. ती आली, स्टुलावर चढली, नऊच्या नऊ पडदे लावले. खाली उतरून क्षणभर भिंतीला टेकली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही, चक्कर. गुरुवारी ती गेली. सोमवारी तपासणी झाली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही. पण खुणा पहिल्यांदा तू पाहिल्यास आणि खुणांचा अर्थही तूच लावलास. मी आई असून तिच्या पायांकडे पाहिलं ते ती गेल्यानंतर.

परवा मी पोलीस ठाण्यात गेले. ते साहेब बदलून गेलेत. नव्या बाईंना म्हटलं, माझी तक्रार खोटी होती असं लिहून द्यायचंय. त्या म्हणाल्या, प्रकरण केव्हाच बंद झालंय, आता कशाला? मी म्हटलं, तरी लिहून घ्या. घेतलं. तलावावरच्या व्यवस्थापकालाही भेटले. तो म्हणाला, आता त्या मुलांचंही पोहणं शिकून झालं आणि तोही गेला, आता सांगून काय उपयोग. खरंच काही नाही. ताईलाही फोन करून सांगितलं. कुणालाच कारण सांगितलं नाही, फक्त एवढंच, की माझी चूक झाली. वहीबद्दल एक अक्षर नाही.

हे पत्र का लिहितेय ते आता सांगते. गेल्या गुरुवारी एक बाई आली होती. चाळिशीच्या आतली, शांत, पायातले बूट चांगले शिवलेले. म्हणाली, मी तुमच्या जावयांशी लग्न करायचा विचार करतेय. तुमच्याबद्दल मला दुसरीकडून कळलं, म्हणून मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ती एकट्या माझी गोष्ट नाही, मी काही सांगणार नाही. तिच्या आईकडे जा आणि त्या जे सांगतील ते ऐक. तू तिला माझ्याकडे पाठवलंस, बाळा. मी काय सांगत फिरते हे माहीत असून. तिने मला एवढंच विचारलं, तुम्ही स्वतः काय पाहिलंत? माझं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं, दोन वर्षांत तोंडपाठ झालेलं. पण तिने विचारलं तसं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतः काय पाहिलं ते सांगायला गेले तर माझ्याकडे डागांशिवाय काहीच निघेना. मी तिच्याकडे पंधरा दिवस मागितले, आणि ती गेल्यावर खोकी उघडली. पुढच्या गुरुवारी ती परत येईल. तिला सगळं सांगावं असं मला मनापासून वाटतं, वहीतलं ते चित्र दाखवावं, तू पँट्स बदलल्यास ते सांगावं. पण ते माझं नाही. ठकी असती तर तिला विचारलं असतं. ती नाही, म्हणून तुला विचारतेय: सांगू का? किती सांगू? तू हो म्हणालास तर सांगेन, अर्धं म्हणालास तर अर्धं. नाही म्हणालास तर का म्हणून विचारणार नाही. मग मी तिला इतकंच म्हणेन, की मी दोन वर्षं खोटं बोलत होते, माझ्या मुलीला त्या घरात कुणी कधी मारलं नाही. वही आणि पिशवी बांधून ठेवली आहे, घ्यायला ये किंवा कुणाला पाठव. उत्तर एका शब्दात दिलंस तरी चालेल.

तुझीच,
ठकीची आई